शंभर वर्षं टिकणारी मेस

लातूर, शुक्रवार

ती. लक्ष्मम्माअक्कांना धाकट्या जावेचा, शिवकांताचा नमस्कार. देगलूरात गुडघा कसा हाय? लेकीकडं तीन महिने झाले, आता तिची सासूबी तोंड वाकडं करत असंल, म्हणून लिहिते. (राग गेला म्हणून न्हाई.)

अक्का, इथं आक्रीत झालं. माझा व्यंकट (पोटचा माझा, पण लाडावला तुमीच) म्हणतो, "आई, ही आता मेस न्हाई, कंपनी हाय. शंभर वर्षं टिकली पाहिजे." भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात आपण दोघींनी चूल मांडली, तवा उद्याचं पीठ हाय का एवढंच बघत होतो. आता म्हणे शंभर वर्षं! त्यासाठी त्यानं पुण्याहून एक साहेब आणला, कंपन्या कशानं टिकतात ते सांगणारा. बूट घालून थेट चुलीपर्यंत आला. मी लाटणं उचललं, तवा काढले.

मला विचारतो, "मावशी, तुमचं ध्येय काय?" म्हणलं, बाराच्या आत पोळ्या. "दहा वर्षांनी कुठं असाल?" म्हणलं, हितंच; तू बाजूला हो, तवा तापलाय.

मग त्यानं क्लासच्या पोरींना कागद वाटले. या मेसमधलं काय चांगलं, ते लिहा. मला वाटलं, माझं वरण. (अख्ख्या गल्लीत असं वरण न्हाई, तुमीबी कबूल कराल.) साहेबानं कागद वाचून दाखवले. वरणाचं नावच न्हाई! सगळ्यांनी लिहिलेलं, त्या मोठ्या मावशी कुठं गेल्या?

तुमी परत आलेले डबे उघडून बसायच्या ना, कुणी काय टाकलं बघत, त्याचंच लिहिलं. इस्लापूरच्या जिक्रानं लिहिलं, परीक्षेच्या भीतीनं जेवण जाईना, कुणाला बोलले न्हाई, तरी दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ खिचडी आली, म्हणून मी लातुरात राहिले. आणि मी तुमाला म्हणलेलं, उष्ट्यात काय सोनं पुरलंय का, डबे सरळ टपात टाका! साहेब म्हणाला, "मावशी, ज्याच्यावर मेस टिकली, तेच तुमी बंद केलं." भाड्याचा माणूस, माझ्याच घरात!

मग मीबी झाकणं उघडली. जिक्राचा डबा भरलेलाच परत आलेला. तडक तिच्या रूमवर गेले आणि विचारलं, "का गं, खायला काय धाड भरली?" ती रडायलाच लागली. तुमी काय विचारत होत्या कुणास ठाऊक. (बहुतेक काहीच न्हाई.) तुमी गेल्यापासून चौदा पोरी दुसऱ्या मेसला गेल्या. व्यंकटला वाटतं, तुमी गुडघ्यासाठी गेलाव. मी तसंच सांगितलंय.

शिवकांता

ता. क. मी बोलावते असं समजू नका. भाजी टाकली तर काय समजायचं आणि पोळी टाकली तर काय, एवढं फक्त कळवा.

ता. क. दुसरं : कळवू नका, लिहून काय समजणार. रविवारी व्यंकट जीप घेऊन येतोय, बसा. भांडणात चूक तुमचीच होती, पण ते गाडीत काढू नका, पोराला ठाऊक न्हाई.

ता. क. तिसरं : जिक्रा परीक्षा सोडून घरी निघालेली. तिची बॅग मी माझ्या कपाटात कुलूपबंद केली हाय आणि किल्ली हरवली म्हणून सांगितलंय. सोमवारी तिचा बाप तिला न्यायला येतोय.