आठवड्याला एक पुस्तक

७ जुलै, सोमवार
चौथं पुस्तक काल दुपारीच संपलं. अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात बसून, शर्टांची काजं करता करता. आजच्या चाचणीत परत पैकीच्या पैकी.
बारावीचा हा साहित्याचा विशेष वर्ग प्राचार्यांनी यंदाच सुरू केलाय. आठवड्याला एक पुस्तक, सोमवारी त्यावर चाचणी. धुळ्याच्या कुठल्याशा कॉलेजात असंच चालतं म्हणे, मग शिरपूरनं मागं का राहायचं!
मला झेपतं. पण कोमलला विचारलं, तो म्हातारा शेवटी गावात परत का येतो गं? तर म्हणाली, "कोण म्हातारा?" तिनं मोबाइलवर सारांश पाहिला होता. सगळ्यांनीच पाहिला होता. पुस्तक खरोखर वाचलेली मी एकटी. कुणाशी बोलू?

१९ जुलै, शनिवार
वंदनानं वर्ग सोडला. (इथून पुढे वं. लिहीन, हात दुखतो.) ती शिंदखेड्याकडच्या गावाहून एसटीनं येते. कापसात निंदणी चालू आहे, घरी गेली की शेतात. वाचते फक्त बसमध्ये, आणि बस अशी हालते की ओळ सापडेपर्यंत स्टॉप येतो.
स्टँडवर गाठलं तिला. म्हणाली, "माझं अजून पहिलंच पुस्तक चालू आहे. अर्ध्यात आहे."
मग सहज म्हणते, "पण तुझ्या लक्षात आलं का, तो मास्तर बायकोला एकदाही नावानं हाक मारत नाही?"
घरी येऊन पुस्तक काढलं. खरंच की. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकदाही नाही. मी ते अख्खं पुस्तक एका दिवसात संपवलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार
आणखी तिघांनी वर्ग सोडला. सोनवणे मॅडमनी आज चाचणीचा विषयच काढला नाही. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "खरं सांगते, शिकवायला मलाही वेळ पुरत नाही. प्राचार्य सरांना दोनदा सांगून झालं. ते म्हणतात, मुलं आळशी आहेत."
कल्पेश म्हणाला, आपणच जाऊ सरांकडे. बोलायचं कोणी? सगळे माझ्याकडे बघायला लागले.
"मी का? मला तर काही त्रास नाही."
"म्हणूनच तू," कल्पेश म्हणाला. "आम्ही बोललो तर आळशी ठरतो. तुला कसं म्हणतील?"
पोरगा गणितात ढ आहे, पण डोकं चालतं.

६ ऑगस्ट, बुधवार
उद्या जायचं. जेवताना अब्बांना सांगितलं. अम्मी आधीच घाबरली. अब्बा म्हणाले, "तेरा तो हो रहा है ना? फिर तू क्यूं?"
म्हटलं, अब्बा, सगळे निघून गेले तर वर्गात मी एकटीच उरेन. एकटीनं पहिली येऊन काय करू?
अब्बा ताटावरून उठले. हात धुताना म्हणाले, "जा. लेकिन तमीज से बोलना."

७ ऑगस्ट, गुरुवार
झालं!! जसं झालं तसं लिहून ठेवते.
आम्ही पाच जण गेलो. बोलायला मी, बाकीचे दाराला चिकटून. म्हटलं, सर, पुस्तकं कमी करा. प्राचार्य म्हणाले, "तुझे तर पैकीच्या पैकी असतात. तुझी काय तक्रार?" आणि दुसऱ्या आठवड्याच्या पुस्तकावर प्रश्न सुरू केले. नायकाचं गाव? सांगितलं. बहिणीचं नाव? सांगितलं. घर कुणाला विकलं? सांगितलं. सर खूश. "बघ! वाचलं की राहतं लक्षात."
म्हटलं, "सर, आता हे विचारा की मला ते वाचून काय वाटलं."
"बरं. काय वाटलं?"
"काहीच नाही सर. वाटायच्या आत पुढचं पुस्तक आलं."
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता दाखला हातात देतात.
म्हणाले, "दिवाळीपर्यंत एकच पुस्तक. चाचणी बंद. मधे मी स्वतः वर्गात येईन. पोरांना पुस्तकावर बोलता आलं नाही, तर परत आठवड्याला एक."
मी हिंमत करून पुढे म्हटलं, ज्याला जास्त वाचायचंय त्याला लायब्ररीतून जास्तीची मिळावीत. सर म्हणाले, "ती तुझी हौस."
बाहेर आल्यावर कल्पेशनं शिट्टी वाजवली. शिपाई नाना ओरडले. ओरडू देत!

२२ ऑगस्ट, शुक्रवार
वं. परत आली! मी आणि कोमल तिच्या गावी गेलो होतो, तिच्या आईशी बोलायला. येताना वेलावरची ताजी गिलकी मिळाली, पिशवीभर भाजी.
मॅडमनी आधी कॅलेंडर उघडलं. कुणाच्या घरी निंदणी कधी, गणपती, ईद. त्या आठवड्यांत थोडीच पानं. सुट्टी संपली की जास्त.
पुस्तक: विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांची कादंबरी. धाकटा रागाच्या भरात थोरल्याच्या पायावर कुदळ मारतो. थोरल्याची बायको रखमा डोळ्यांनी बघते, आणि कोर्टात सांगते, मी काही पाहिलं नाही.
मी दोन दिवसांत संपवली. शेवट सांगायचा नाही अशी मॅडमची ताकीद. जीभ नुसती वळवळतेय.

९ सप्टें., मंगळवार
आज वर्गात जे झालं!
कल्पेश उभा राहून, "स्वतःच्या नवऱ्याचा पाय गेला आणि ही म्हणते पाहिलं नाही? कसली बायको!" कोमल म्हणाली, दीर तुरुंगात गेला असता तर त्याची पोरं कुणी सांभाळली असती? मग सगळे एकदम. बाकं वाजली. आणि वं., जी वर्गात तोंड उघडत नाही, तिच्या तोंडून घरची बोली सुटली, "खोटं शे, पन बठ्ठासनासाठे शे!" म्हणजे सगळ्यांसाठी.
आवाज ऐकून शिपाई नाना धावत आले. "काय झालं?"
"नाना, बाईनं कोर्टात खोटी साक्ष दिली!"
"कोणत्या बाईनं? वकील केला का?"
मॅडमना हसून हसून खुर्चीत बसावं लागलं.
सारांश पाहिलेला आज एकही नव्हता. विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

२० सप्टें., शनिवार
प्राचार्य आले. कादंबरी वाचून आले होते! मागच्या बाकावर बसले नि सुरुवातीलाच म्हणाले, "रखमानं घरच्यांना फसवलं. नवऱ्यालासुद्धा."
मी ओठ चावून बसले, कारण मी बोलले असते तर ते माझंच झालं असतं.
वं. उभी राहिली. "नाही सर. नवऱ्याला तिनं साक्षीच्या आदल्या दिवशी सांगितलंय. ती त्याला विचारते, उद्या मला काही दिसलं नसलं तर चालेल का? आणि तो पाणी मागतो. नाही म्हणत नाही." तिनं पान काढून दिलं.
सरांनी वाचलं. परत वाचलं. "मी जरा घाईत वाचलं वाटतं," म्हणाले.
कसं हसू दाबलं, आमचं आम्हाला माहीत. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.
दिवाळीनंतरचं काही ठरलं नाही. कल्पेशनं विचारलं, तर सर म्हणाले, "बघू." जाताना पुस्तक मात्र घेऊन गेले.
वं.ला स्टँडवर सोडायला गेले. शेवटचं प्रकरण तेवढं तिचं राहिलंय. पायरीवर चढताना म्हणाली, "शेवट सांगू नको. एवढंच सांग, तिनं बरोबर केलं का?"
मी दोनदा वाचलीय. तरी ठरत नाही, तसंच सांगितलं तिला. ती एवढी खूश झाली की विचारू नका.
गाडी निघाली. खिडकीतून डोकं काढून ओरडली, "मग सोमवारी भांडू!"