सवतीचा टाक

१ फेब्रुवारी २००४

आजपासून मी अंबरनाथची! बदलापूरहून टेम्पोत बसून आले, मांडीवर कुंडीतली तुळस. श्यामकांत वैद्यांचं जुनं घर ट्रस्टने संग्रहालय म्हणून ठेवलंय. माझा नवरा धर्मेश तिथला राखणदार, आणि आलेल्यांना माहितीही तोच सांगतो. मागच्या दोन खोल्या आमच्या. शिवमंदिर हाकेच्या अंतरावर. आरशाचं कपाट उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून घ्यायचं ठरलंय. दुपारी धर्मेशने सगळं घर फिरवून दाखवलं: औषधांच्या बरण्या, दगडी खल, शिसवी पलंग, देवघरात वैद्यांच्या पूर्वजांचे चेहरे उमटवलेले चांदीचे टाक. बोलताना काय ऐटीत हात फिरवतो! मी माहितीकडे कमी, त्याच्याकडेच जास्त बघत होते.

४ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज माझ्या गळ्यात एक चांदीचा टाक बांधला. त्यावर बाईचं तोंड उमटवलेलं. ही सरस्वती, धर्मेशची पहिली बायको, काविळीने गेलेली. दुसरेपणावर आलेलीने तो घालायचा, म्हणजे पहिलीचा जीव दुखत नाही. नवीन लुगडं, नवी बांगडी, सगळ्याचा मान आधी तिचा. सासूबाई म्हणाल्या, “पयलं तिला दाव गो, मंग तू नेस.”

पहिली होती हे मला ठाऊक होतं. ती माझ्या गळ्यात राहायला येईल हे कुणी सांगितलं नव्हतं. धर्मेशने जवळ घेतलं, तेव्हा त्याचा हात त्या टाकावर जाऊन थांबला. बराच वेळ. माझा नुसता जळफळाट झाला.

९ फेब्रुवारी

काढला एकदाचा! वालधुनी नदीत फेकायचं धाडस झालं नाही, म्हणून संग्रहालयाच्या देवघरात वैद्यांच्या टाकांमध्ये ठेवून दिला. बस म्हणावं तिथे परक्यांच्या पूर्वजांत. सासूबाईंना सांगितलं, ब्लाउजच्या आत आहे. मग नवी हिरवी साडी तिला न दाखवताच नेसले. धर्मेश म्हणाला, छान दिसतेस. दिवसभर मी हवेत होते.

१८ फेब्रुवारी, महाशिवरात्र

जत्रेची माणसं रांगेने घर बघायला आली. मी दाराशी पाणी देत होते. एक बाई बाहेर येऊन म्हणाली, आतल्या ताईंनी किती छान समजावलं. कोण ताई? तर म्हणे, त्या हिरव्या साडीतल्या.

आत फक्त धर्मेश होता. म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं. कोणाला आणून बसवलंय याने?

२१ फेब्रुवारी

जेवायला घरी येत नाही. म्हणतो, काम आहे. शर्टाला चमेलीच्या तेलाचा वास, आणि मी ते तेल लावत नाही. ती कोण, असं तोंडावर विचारलं, तर हसला. घरातल्याच माणसाबद्दल विचारल्यासारखा हसला. माझी हिरवी साडी ट्रंकेत नाही.

२४ फेब्रुवारी

देवघरात गेले. मी ठेवला होता तिथे टाक नाही. जागेवर ओलं कुंकू. आतून बांगड्या वाजल्या, मग धर्मेशचं हसणं. माझ्याबरोबर तो असा कधी हसलाच नाही.

दार ढकललं. शिसवी पलंगावर ती केस विंचरत होती. माझी साडी. टाकावरचंच तोंड. रागावली असती तर मी झिंज्या धरल्या असत्या. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

मीच आणून ठेवली तिला. तो दिवसभर जिथे असतो, नेमकी तिथे. माझ्याच हाताने—

२६ फेब्रुवारी

सासूबाईंनी तिला चहाला हाक मारली. मी समोर उभी. ओरडले, हात धरला. त्यांनी फक्त पदर सारखा केला, वारा लागावा तसा.

धर्मेशही—

२७ फेब्रुवारी

सासूबाई उल्हासनगरला सोनाराकडे जाऊन आल्या. नवा टाक आणलाय. नाक माझं. नथ माझी.

मी मेलेली नाही. कुणीतरी सांगा यांना, मी—

तिने तो स्वतःहून गळ्यात बांधला. हसतमुखाने. सासूबाई म्हणाल्या, “पोरगी गुणाची हाय.” मला कधी म्हणाल्या नव्हत्या.

२८ फेब्रुवारी

तीन दिवस पोटात काही नाही. भांड्याला हात लावते, उचलत नाही. पेन तेवढं उचलतं. का, कळत नाही—

२९ फेब्रुवारी

जेवायला बसले तिघं. तांदळाची भाकरी, सुकट. तिने पहिला घास मोडला आणि पानाबाहेर काढून ठेवला. माझ्यासाठी. धर्मेशने किती कौतुकाने पाहिलं तिच्याकडे! अजूनही जळते मी. मेले असते तर जळले असते का?

घास खाल्ला तर मी गेले हे मान्य केल्यासारखं. तो तिचा. कायमचा. नाही खाणार. नाही—

वास येतोय. केवढी भूक—

एवढासाच आहे. कुणी बघत नाही. ती बघतेय. बघू दे. नुसता हात—