आईला खाली आणायचा प्लॅन

३ फेब्रुवारी, रविवार
काल मागच्या गल्लीतली इमारत पेटली. माणसं वाचली, पण कशी? अनवाणी, बोंबलत. तहान लागली की विहीर खोदणारी जमात! आपलं घर चौथ्या मजल्यावर, आगीत लिफ्ट बंद, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. आजपासून जबाबदारी माझी. ऑफिसात दोनशे फायली सांभाळतो, घरातली चार माणसं म्हणजे काय.

५ फेब्रुवारी
प्लॅन तयार. सात पानं, तीन रंग. बायको : गॅस बंद करणे. मुलगी : कागदपत्रं. आई : माझ्या पाठुंगळी. वेळ : चार मिनिटं.
बायको म्हणे, आईंना खुर्चीत बसवू आणि दोघांनी धरून नेऊ. दूध उतू घालवणारी बाई मला अक्कल शिकवते.

१० फेब्रुवारी, सकाळी ७
पहिली ड्रिल. शिट्टी फुंकली. बायको आंघोळीला. मुलगी पांघरुणातून म्हणाली, खरी आग लागली की उठवा. आईने पाठीवर यायला साफ नकार दिला. म्हणाली, पाडशील. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.
शेवटी आईऐवजी तिची गादी गुंडाळली, दोरीने बांधली आणि पाठीवर खाली नेली. साडेसहा मिनिटं.

१७ फेब्रुवारी
गादी. पाच मिनिटं. तळमजल्यावरच्या शिंप्याने विचारलं, विकायला काढली का. अडाण्यांशी बोलत नाही.

२४ फेब्रुवारी
तीन मिनिटं पन्नास! आता विचारही करावा लागत नाही, हात आपोआप जातात. कंबर धरली आहे. आई गादीपेक्षा जड खरी, पण ती गळ्याला धरूनही बसेल. म्हणजे फिट्टंफाट.

३ मार्च, दुपार
सकाळी अकराला मीटरच्या खोलीतून धूर. जिना काळाकुट्ट. शिट्टी फुंकली, आईच्या खोलीत धावलो, उचललं, सुटलो. तीन मिनिटं वीस सेकंद. खाली पोचून म्हणालो, आई, पोचलो बघ.
गादी होती.
परत वर निघालो. तीन पायऱ्या चढलो. तेवढ्यात बायको आणि मुलगी आल्या. मध्ये स्वयंपाकघरातली खुर्ची, खुर्चीत आई, तोंडावर ओला टॉवेल. खोकत होती, पण धड होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. धूर फार होता.

४ मार्च
रात्रभर विचार केला. प्लॅनमध्ये चूक नाही, अंमलबजावणीत किरकोळ अदलाबदल झाली. तसं समजावायला आईजवळ बसलो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या कंबरेला बाम चोळत म्हणाली, पुढच्या वेळी तू आपला एकटाच खाली जा रे. तू वर असलास की जीव टांगणीला लागतो. मला त्या दोघी आणतील.
बरं म्हणालो.