सान्वीचा मामा

४ जानेवारी
आलो बाबा एकदाचा ठाण्यात. कोलशेतला खाडीच्या बाजूला खोली मिळालीय, प्रयोगशाळा चालत जाण्याइतकी जवळ. घरमालकीण सगुणामावशी, पिढीजात मासेमारीचं घर. आल्या आल्या माझ्यापुढे बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. काम काय करतोस, म्हणून विचारलं. म्हटलं, रोगजंतू पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलतात ते बघतो, त्यांची वंशावळ काढतो. त्यावर म्हणाल्या, माणसांची काढायला कोनाला फुरसत नाय आणि तू जंतूंची काढतोस? ही बाई मला फार आवडली.

२२ जानेवारी
मावशींची लेक कृतिका, तिची सात महिन्यांची सान्वी. आज तिचं उष्टावण होतं. पहिला घास मामानं भरवायचा, पण कृतिकाला भाऊ नाही. मावशी म्हणाल्या, मंग तूच की मामा. मी बोटावर खीर घेऊन भरवली, पठ्ठीनं बोट चाटूनपुसून घेतलं. घर सोडून आलेल्या माणसाला असं कुणी आपलं म्हटलं की भरून येतं हो. उगाच चष्मा पुसत बसलो.

१२ फेब्रुवारी
सान्वी तापानं फणफणलीय. इस्पितळात टायफॉइड निघाला. आळीत आणखी दोघांना आहे, दोघंही उष्टावणाची खीर खाऊन गेलेले. नेहमीची औषधं लागू पडेनात, म्हणून आता शेवटचं, जबर औषध सुरू केलंय. तिघांचे नमुने आमच्याकडेच आलेत. तुलनेला निरोगी माणसाचा नमुना हवा होता, तो मी माझाच दिला. दुसरं कोण रिकामं बसलंय इथं.

२० फेब्रुवारी
वंशावळ तयार झाली. सगळ्या फांद्या एकाच नमुन्यातून फुटतात. माझ्या. पुन्हा पुन्हा तपासलं. मला ताप नाही, पोट ठणठणीत, आणि जंतू माझ्या आत मजेत नांदतोय. त्या पोरीला मी माझ्या बोटानं —
आमचे प्रमुख त्र्यंबक सर, त्यांना सांगितलं. म्हणाले, घाबरू नकोस, यावर फर्स्ट क्लास पेपर होईल. किळस आली मला त्यांची.

२७ फेब्रुवारी
सान्वीचंच औषध मीही गुपचूप घेतोय, कुणा डॉक्टरला न विचारता. मुळासकट गेला पाहिजे हा. मावशींना सगळं खरं सांगितलं, तर हसल्या. एवढा धडधाकट माणूस कोनाला रोग देतोय होय, म्हणाल्या. ताट वेगळं मागितलं तर चिडल्या.

९ मार्च
माझा नमुना पुन्हा तपासला. जंतू गेला नाही. बदललाय. आता ते शेवटचं औषधही त्याचं काही वाकडं करत नाही. मीच शिकवलं त्याला. याच्यापुढे औषध नाही. कुठंच नाही.

११ मार्च
इस्पितळात जाऊन म्हणालो, मला कोंडून ठेवा. जो आजारी नाही त्याला खाट मिळत नाही, म्हणाले. मग कुठं जाऊ? जाईन तिथं माणसंच आहेत. खोलीत लॅच लावून बसलोय. कशाला हात लावायचीही भीती वाटते.

१४ मार्च
सान्वी बरी झाली. घरी आणली. पोरीला मामाच्या पायावर घालायचंय म्हणून सगळे दाराशी आलेत.
आतून ओरडून सांगतोय, नको. मामा रुसलाय म्हणून हसतायत.
किल्ली मावशींकडेही आहे. घर त्यांचंच —
उघडलं. पलंगावर चढून भिंतीला चिकटलोय. कृतिका, तिला खाली ठेवू नकोस. कृतिका, ऐक —
ठेवली. रांगत येतेय. माझ्याकडे बघून हसतेय. उचलू तरी कशी, हात माझेच —
चादर धरून उभी राहिली. सगळे टाळ्या वाजवतायत. चादरीचं टोक तिनं तोंडात —