समुद्राची गेटं

३ मार्च, सकाळ.
पेपरात सरकारी जाहिरात: तुफानात समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या गावात शिरू नये म्हणून बंधारा हवा आहे. डिझाइनची स्पर्धा आहे, निवड झाली तर सल्लागार. दारव्हा तालुक्यात एकतीस वर्षं नदी-नाल्यांवर गेटांचे कोल्हापुरी बंधारे बांधले, एकही वाहून गेला नाही. तरी प्रमोशन न देता रिटायर केलं. आता दाखवतो. उद्यापासून पहाटे पाचला ड्रॉइंग.

४ मार्च, साडेनऊ.
उठायला उशीर. विमल विचारते, समुद्र पाह्यला तरी काय तुम्ही कधी. पाणी ते पाणी. बायकोशी तांत्रिक चर्चा बंद, असं तिला स्पष्ट सांगितलं.

१९ मार्च.
चोवीस लोखंडी गेटं, रबरी सील. फुलसिंगला बोलावलं. माझ्या बंधाऱ्यांची गेटं बसवण्या-काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. ड्रॉइंग पाहून म्हणाला, साहेब, हे गेटं बी पावसाळ्याच्या आंधीच काढाचे काय? अर्थात. पुरात गेटं ठेवली तर बंधारा राहील का? तो डोकं खाजवत गप्प बसला. मोठ्या कामापुढे माणसं अशीच गप्प होतात.

२ एप्रिल.
देखभालीचं प्रकरण लिहिलं. हे इतर कुणाला सुचणारच नाही. मेअखेर सर्व गेटं काढून, वंगण लावून, गोदामात. ऑक्टोबरात परत बसवायची. प्रिंटरची शाई संपली. या गावात काही होऊ शकत नाही.

११ मे.
शेवटच्या पाचात आलो. परवा व्हिडिओवर मुलाखत. कुणाला सांगितलं नाही. फक्त पेपरवाला, किराणावाला आणि जुनं ऑफिस.

१३ मे, दुपारी चार.
कमिटीतल्या बाईंनी विचारलं, तुफान जूनमध्ये आलं तर गेटं कुठे असतील? ठणकावून सांगितलं, गोदामात. वंगण लावून. इतकी शांतता झाली की नेट गेलं असं वाटलं. नेट होतं.

१४ मे.
कमिटीत सगळे पुस्तकी लोक.
नाही. चूक माझीच. फार लाज वाटते. किराणा आता यवतमाळहून आणावा.

३१ मे.
फुलसिंगसोबत गावच्या जुन्या बंधाऱ्यावर. तुला तेव्हाच कळलं होतं तर काहून नाही बोलला, असं विचारलं. म्हणाला, मले वाटलं साहेब, समुद्राचा पावसाळा वेगळा असन.
घरी विमललाही विचारलं. तिलाही माहीत होतं. तांत्रिक चर्चा बंद होती म्हणे.
गावच्या बंधाऱ्याची चौदाही गेटं काढून, वंगण लावून गोदामात ठेवली.