बिनचिठ्ठीचा दोरा

ता. ९ जानेवारी

ताईस,

नमस्कार. तू खुशाल असशील, मीही आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आता मला सांग, तू त्याचा पाय मांडीवर घेतलासच कसा? मोज्याच्या मापासाठी पंज्याभोवती दोरा फिरवून गाठ मारायची तर पाय मांडीवर घ्यावाच लागतो, मला शिकवू नकोस. आणि गाठ कुठल्या हाताने मारलीस तेही मला दिसतंय. तुझी तीन बोटं सरळ होत नाहीत म्हणून तुझी गाठ तिरकी बसते. ती तिरकी गाठ इथे माझ्यासमोर पडली आहे, आणि तू पत्रात लिहितेस की सगळं ठीक आहे, मोज्यांना मागणी बरी आहे.

मी मागेच लिहिलं होतं, बाप आला तर दारातूनच परत लाव. तू लिहिलंस, बरं. मग हा दोरा काय आभाळातून पडला?

तुझी चलाखी कळली मला. दर वेळी तू मापाच्या प्रत्येक दोऱ्याला नावाची चिठ्ठी बांधतेस. या वेळीही पोस्टमनची होती, शिंपीणबाईची होती, शिपायाच्या आईची होती. चौथ्या जोडाला मात्र दोन दोरे, डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा, आणि चिठ्ठी नाही. तुला वाटलं, हा माप बघेल, लोकर घेईल, विणून मोकळा होईल, विचारणार थोडाच. तर तुझं बरोबरच निघालं. मला वाटलं चिठ्ठी वाटेत गळाली. उजवा पंजा अरुंद, म्हणजे करंगळी नाही, एवढं दोऱ्यावरून कळलं. पण करंगळी नसलेले पाय जगात काय कमी आहेत? आमच्या टोळीतच दोन आहेत. मी तपकिरी लोकर काढली आणि उजव्यापासून सुरुवात केली.

इथलं सांगतो. आमचा मुक्काम पुन्हा हलला. विजेच्या तारांचे मनोरे एका रेषेत चालतात आणि आम्ही त्यांच्या मागून. चार मनोरे उभे झाले की पत्र्याच्या खोल्या उचलून ट्रकवर टाकायच्या आणि पुढे. बुटात कायम पाणी, त्यामुळे सगळी टोळी माझे मोजे घालते आणि मलाच हसते. क्रेनची वाट बघताना मी दोन ओळी काढतो, जेवणाच्या रांगेत एक, मुकादम शिव्या देत असतो तेव्हा एक, कारण त्याच्या शिव्या ओळभर पुरतात. ट्रकमध्ये सगळ्यात जास्त होतं. खड्डा आला की सुया थांबवायच्या, गेला की चालू.

या वेळी पार्सलात माल कमी आहे. का ते विचारू नकोस. हाताला जरा लागलं होतं, आता बरं आहे.

लांब्याबद्दल तुला मागे लिहिलं होतं. मनोऱ्याच्या शेंड्यावर चढणारा, माझ्या शेजारच्या खाटेवरचा, एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने विडी पेटवणारा. तो सध्या वर चढत नाही. मुकादमाने त्याला सामानाच्या खोलीवर बसवलंय, अर्ध्या पगारावर.

हाताला लागलं असं लिहिलं खरं, पण माझ्या हाताला काही झालेलं नाही. खोटं लिहायलाही अक्कल लागते, आणि मी चौथीतून उठलो.

मुक्काम हलवताना वाटेत ट्रकचं चाक बसलं. दुपार होती, सगळे खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले. उजवा मोजा पुरा झाला होता, डाव्याची टाच चालू होती. लांब्याने उजवा उचलला, हातात बाहुलीसारखा चढवला आणि नाचवायला लागला. करंगळीकडची बाजू मी आधीच आवळत आणली होती, ती त्याला दिसली. म्हणाला, "हा कोण रे लंगडा? लाथ मारता मारता तुटली वाटतं करंगळी?"

सगळे हसले. मीही हसलो असतो, ताई. पण त्याने लाथ म्हटलं आणि बापाचा पाय मला दिसला. आपल्या फरशीवर एक पाऊल जड आणि एक हलकं वाजायचं ते ऐकू आलं. तू मला पोत्यामागे सरकवायचीस ते आठवलं. मी आठ दिवस ट्रकमध्ये बसून त्या पायाला ऊब विणत होतो, टाच दुहेरी घालत होतो, का तर जड पावलाची टाच लवकर झिजते. हे तूच शिकवलेलं.

आता पुढचं नीट वाच, कारण मी ते एकदाच लिहिणार आहे.

मी सुया खाली ठेवल्या. पण त्याआधी चारी सुयांच्या टोकांना बुचं लावली, टाके गळू नयेत म्हणून. लोकरीचा गुंडा पिशवीत घातला, पिशवीचं तोंड आवळलं. मग उठलो. लांब्या अजून हसत होता, त्याच्या तोंडावर पहिला ठोसा बसला तेव्हाही त्याचं हसू पुरतं गेलं नव्हतं. दुसऱ्याने ओठ फाटला. तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, पण त्याला लढायचंच नव्हतं, तो मित्र होता. पोटात गुडघा घातला तसा तो खाली बसला आणि सावरायला त्याने हात जमिनीवर टेकला, पंजा पसरून. मला तो पंजा दिसला. माझ्या बुटाला पुढे लोखंड आहे, टाचेला नाल आहे. मी त्याच्या बोटांवर टाच ठेवली, भार दिला आणि फिरवली. आवाज कसा येतो तुला माहीत आहे.

ड्रायव्हरने आणि मुकादमाने मला मागे ओढलं.  लांब्या नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा आहे.

सगळे म्हणाले, रागाच्या भरात झालं. मुकादम म्हणाला, तरणं रक्त आहे. मी मान हलवली. पण राग असता तर टाके गळले असते, ताई. तुला आठवतं, बाप हात उचलायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा? काढून, किल्ली देऊन, फळीवर ठेवायचा. काच फुटू नये म्हणून. मोज्यांचे पैसे लोकरीत गेले म्हणून तू सांगितलंस त्या दिवशीही आधी घड्याळ काढलं होतं, मग तुझा हात उंबऱ्यावर टाचेखाली दाबून उभा राहिला. मी पोत्यामागून बघितलं होतं. मला इतकी वर्षं वाटायचं, त्याच्या अंगात काहीतरी शिरतं. काही शिरत नाही. माणूस आधी नीट आवरून घेतो.

तू म्हणायचीस, हातात सुया असल्या की मूठ वळत नाही. म्हणून तर तुझी बोटं गेल्यावर तू माझ्या हातात सुया दिल्यास आणि शेजारी बसून तोंडी सांगून विणायला शिकवलंस. तुला कोणी सांगितलं नाही की सुया खाली ठेवता येतात.

कंपाउंडरने लाकडाच्या पट्ट्या लावून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बांधलं. म्हणाला, जुळतील, पण पकड पहिली येणार नाही. मनोऱ्याच्या शेंड्यावरचं काम गेलं त्याचं. मुकादम मला हाकलायलाच निघाला होता. लांब्याच मध्ये पडला. म्हणाला, याला काढलंत तर माझा अर्धा पगार कोण भरणार, तुम्ही? तेव्हापासून माझ्या पगारातून त्याचा अर्धा जातो. सकाळी मी त्याच्या बुटाच्या नाड्या बांधतो. तो पाय पुढे करतो आणि दुसरीकडे बघतो.

पहिल्या दिवशी मी त्याच्या खाटेपाशी बसलो आणि रडायला लागलो. हात जोडले, डोकं आपटलं, सगळं केलं.  तो म्हणाला, "रडायचं असेल तर बाहेर जा. बोटं माझी मोडलीत आणि तुझी समजूतही मीच काढू होय?"

मी बाहेर गेलो आणि मला त्या दिवसाची तू दिसलीस. बोटांना फडकं गुंडाळून, डाव्या हाताने बापासाठी चहा करत होतीस, कारण तो चुलीपाशी बसून रडत होता. तू त्याला म्हणालीस, बाबा, असू द्या. तो थांबेपर्यंत तू कप धरून उभी होतीस.

आता तू म्हणशील की तो म्हातारा झालाय, पाय सुजतात, थंडीत झोप लागत नाही, पूर्वीचं आठवून रडतो. तू हे पत्रात लिहिलं नाहीस, पण दोरा पाठवलास म्हणजे लिहिल्यासारखंच आहे. तो रडत असेल. खोटं रडत नसेल. मीही खोटं रडलो नव्हतो. माझ्या छातीत खरंच दुखत होतं, आणि तरी ज्या टाचेने केलं ती टाच माझीच होती, आणि दुसऱ्या दिवशी मी पोटभर जेवलो. ताई, त्या रडण्यावर विसंबू नकोस. मला ते आता आतून माहीत झालंय.

तू त्याला घरात घेतलंस. मी लाख म्हणालो तरी तू बाहेर काढणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून ते भांडण मी सोडतो.

मोज्यांचं असं झालं. लांब्या परवा म्हणाला, हाताला गार लागतं, तो मोजा आण. मी म्हटलं, दुसरा देतो, नवा. म्हणाला, तोच. बांधलेला पंजा त्यात घातला, करंगळीच्या बाजूला आवळलेला आहे ना, तर बरोबर बसला. आता तो दिवसभर तोच चढवून सामानाच्या खोलीत बसतो, आणि मी खिळे मागायला गेलो की मोज्यातला हात मुद्दाम टेबलावर ठेवतो. म्हणून उजवा येणार नाही. मी तो पुन्हा विणणारही नाही. डावा पुरा केला आहे, पार्सलात आहे. बापाने विचारलं की एकच कसा, तर माझं हे पत्र वाचून दाखव. त्याला वाचता येत नाही, तुलाच वाचावं लागेल. सगळं वाच, घड्याळासकट.

आता शेवटचं, यावर वाद घालू नकोस. सुताराला बोलाव. तू झोपतेस त्या खोलीला आतून कडी बसवून घे, लोखंडी, बोटाएवढी जाड, आणि कोयंडा भिंतीत खोल ठोकायला सांग. रोज लावून झोपायचं. तो कितीही रडला, दारावर डोकं ठेवून बसला, तरी उघडायची नाही. मुक्काम संपला की मीही येईन. मी आलो की तू धावत दार उघडशील, जेवायला वाढशील, ते सगळं कर. पण झोपताना ती कडी माझ्यासाठीही लाव. मला वाईट वाटणार नाही. कडी पडल्याचा आवाज आला तर मलाही झोप लागेल.

तुझा,
धाकटा

ता. क. लांब्याचा वाटा जाऊन या महिन्याचे उरले ते सगळे पाठवतो. आधी कडी आणि सुताराची मजुरी, मग घरखर्च: दोन हजार तीनशे.