वाटे थोरल्याने करायचे

अण्णा, उद्या मला पौडला वकिलांकडे जाऊन मृत्युपत्रावर सही करायची आहे, आणि त्यातली एक जागा अजून मोकळी आहे. मुलाच्या पालकाची. तुमचे जावई तीन वर्षांपूर्वी गेले, झोपेतच. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे, ती काढायची. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. पण म्हणताना ते माझ्याकडे नाही, रिपोर्टकडे बघत होते. सगळ्यांशीच ते तसं बोलत असतील. तरी घरी येताना हिंजवडीच्या चौकात कंपन्यांच्या गाड्यांमध्ये अडकून बसले होते, तेव्हा एकच विचार डोक्यात फिरत होता, की मी नसले तर पोराला शाळेतून आणायला कोण जाईल. शेताचं, घराचं काही आठवलं नाही. ते नंतर आठवलं, आणि ते आधी आठवलं नव्हतं म्हणून स्वतःबद्दल बरं वाटलं. असल्या गोष्टीतही मी स्वतःला मार्क देत बसते, हे तुम्हाला माहीत आहेच.

वकील गमत्या माणूस आहे. मला म्हणाले, "मॅडम, मृत्युपत्र केल्यानं कुणी मरत नाही. माझे अशील तर ते करून वर मलाच पोचवायला निघालेत." मी हसले. मग त्यांनी दोन गोष्टी घरून ठरवून आणायला सांगितल्या. एक, मुलगी आणि मुलगा दोघांना सारखं म्हणजे काय ते नीट लिहायचं, भाड्याच्या खोल्या कुणाला आणि ओढ्याकडचं शेत कुणाला, नाहीतर पुढे भावंडांत वाजतं. दुसरी, मुलगा लहान आहे, त्याला पालक कोण. मी विचारलं, ती जागा मोकळी ठेवली तर? "ठेवा की," ते म्हणाले, "मग जो आधी कोर्टात जाईल त्याचं आधी ऐकतील."

आधी कोण जाईल हे मला माहीत आहे. माझे दीर शेजारच्याच दारात राहतात. वाईट माणूस नाही. हे गेले त्या दिवसापासून पोराला गाडीवर पुढे बसवून शाळेत सोडतात. परवा ओट्यावर बसून चहा पिताना म्हणाले, "वैनी, कागूद कशाला करताय? मी काय मेलोय व्हय? पोरगं माझंच हाय. आन् पोरीचं लगीन असं करू, का आख्ख्या घोटावडे गावानं बघत ऱ्हावं. साडीचोळीला कधी कमी पडू द्येणार न्हाई तिला." त्यांना ते प्रेमानंच म्हणायचं होतं. पण साडीचोळी कधी देतात, अण्णा? बहीण हक्कसोडीवर सही करते तेव्हा. शेत भावाच्या नावावर राहतं आणि तिच्या अंगावर नवी साडी येते. मी नेसलेय तशी एक. तुमच्या मागे आपल्या धाकट्याला, माझ्या भावाला, मीच हक्कसोड करून दिली, त्यानं मागितलीही नव्हती. आज त्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, पोराला आण माझ्याकडे, त्यात काय," आणि मागून त्याच्या बायकोचा आवाज येतो, कुठे झोपवणार आहात त्याला? तिचं चूक नाही. दोन खोल्यांत तिची आजारी आईही आहे.

म्हणून मग मला तुमचा नियम आठवला. आई गेल्यानंतरची आपली चूल आठवते का? तुम्ही पहिल्या पाळीला कारखान्यात जायचे, त्याआधी भाकरी थापायचे, फिटरचेच हात, पण भाकरी मात्र कधी गोल व्हायची नाही. तव्यावरची शेवटची भाकरी तुम्ही कधीच मोडली नाही. ती माझ्यापुढे ठेवायचे. "वाटे थोरल्यानं करायचे, धाकट्यानं उचलायचा." जमिनीचे वाटे असेच होतात, गावात असंच चालतं, मग भांडण राहत नाही, म्हणायचे. मी भाकरी मोडते आहे, धाकटा दोन्ही तुकड्यांवर नाक टेकवून बघतो आहे, आणि तुम्ही डबा बांधता बांधता हसता आहात. मग तुम्ही एकदा कंपासपेटी आणली. दोघांत एकच. पिवळी, झाकणावर मोर असलेली. मी वाटे केले: कंपास, कर्कटक, कोनमापक, पट्टी सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला नुसती रिकामी पेटी. धाकट्यानं पेटी उचलली. मी ती सगळी हत्यारं रुमालात बांधून शाळेत नेत असे, आणि कर्कटक टोचायचं. रडले तेव्हा तुम्ही रागावलात. "वाटे कुणी केले? मग आता गप ऱ्हायचं." त्या वर्षी मी शिकले, की गप राहता येतं. स्वयंपाक, धाकट्याचा अभ्यास, त्याचे ताप, सगळं माझ्याकडे कधी आलं ते कळलंच नाही. तुम्ही ते कुठे लिहिलं नव्हतं. तुम्हाला दुसरं कोण होतं?

आज रविवार. सकाळी मी माझ्या दोन्ही पोरांना ओट्याशी बसवलं. थोरलीला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. बारावीला चांगले मार्क आहेत आणि तिला शिकायला नागपूरला जायचं आहे. धाकटा नऊ वर्षांचा. मी हसत हसतच म्हणाले, आपल्या अण्णांच्या घरी असा एक खेळ होता. ती पावटे सोलत होती. शेंगा खाली ठेवून तिनं नीट विचार केला. तुमची नात आहे. म्हणाली, "एका वाट्यात खोल्या. भाडं येतं, पण संडास तुंबला की भाडेकरू तुलाच फोन करणार. दुसऱ्यात शेत आणि हे घर. भाडं नाही, पण विहीर आहे. उचल रे." पोरानं विचारलं, "ताई कुठल्यात आहे?"

"ताई कुठल्याच वाट्यात नसते, येड्या."

"मग मला दोन्ही नको. ताई ज्याच्यात असेल ते मला."

आम्ही दोघी हसलो. खरं सांगते, माझा जीव क्षणभर भांड्यात पडला. मोकळी जागा भरली, मला वाटलं. पोरानंच भरली, मी काहीच केलं नाही. आणि मग मी थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती पण शेंगेतला दाणा काढायची थांबली होती. धाकटा खेळायला पळाल्यावर म्हणाली, "मम्मी, तुला हेच हवं होतं ना?"

मी नाही म्हणाले. मग म्हणाले, माहीत नाही.

"वाटे मी करायचे, उचलायचं त्यानं," ती म्हणाली. "मग मी कधी उचलायचं?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी रागावू शकले असते. थोड्या वेळानं तिनं पावट्यांचं ताट पुन्हा पुढे ओढलं. "लिही माझं नाव. काकांना नको लिहूस. दुसरं कोण आहे आपल्याला? आणि तू काय लगेच मरणार आहेस का. नागपूरचं बघू नंतर."

बघू नंतर. अण्णा, हे शब्द मी तुम्हाला किती वेळा म्हटले आहेत ते फक्त मला माहीत आहे. तुम्ही ऐकलेत आणि डबा घेऊन कामावर गेलात. मला तेव्हा वाटायचं, तुम्हाला कळतच नाही. आज ओट्याशी उभी राहून वाटलं, तुम्हाला कळत होतं, आणि तरीही पाळीची वेळ झालीच होती.

दुपारी दोघं झोपल्यावर कागद काढला. दिरांचं नाव लिहून पाहिलं, मनात. धाकट्या भावाचं. दूरच्या एका मैत्रिणीचंही. प्रत्येक नावापुढे पोराला उभं केलं आणि प्रत्येक वेळी ते वळून ताईला शोधू लागलं. मग मी थोरलीचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं आहे. खाली एक ओळ घालता येईल का ते उद्या वकिलांना विचारणार आहे, की तिचं शिक्षण आधी. ते म्हणतील, मॅडम, ओळ घाला, पण पाळायला लावणार कोण?

हे डायरीतच राहणार आहे, तुम्हाला कुठे पाठवायचं? पण एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी वाटे तसे केले, कारण मला पक्की खात्री होती, की तो हत्यारंच उचलेल. मला ती पेटी हवी होती, अण्णा. मोराची.